नगदी पिंपळखुटेंची उधारी

मधुकरराव पिंपळखुटे चहाचे पैसे चहा उकळायच्या आधी देत. वर्ध्याच्या कापूस बाजाराच्या फाटकाबाहेर एक टपरी होती. तिथला चहावाला चुलीवर आधण ठेवतो न ठेवतो तोच यांचा आणा फळीवर वाजायचा. एकदा दूध फाटलं आणि चहा झालाच नाही. चहावाला आणा परत करू लागला. "उद्याच्या चहात जमा धर," मधुकरराव म्हणाले, आणि लगेच दचकून त्यांनी तो आणा उचलून खिशात टाकला. "नाई, नाई. मंग रातभर तू माह्या देण्यात राह्यशील. तसं नको. आपलं काम नगदी."

"आपलं काम नगदी" हे त्यांचं ब्रीदवाक्य. बाजारातले अडते त्यांना पाठीमागे नगदी पिंपळखुटे म्हणत. ते त्यांना माहीत होतं आणि त्यात त्यांना काही वावगंही वाटत नसे.

ते सरकारी नोकर होते. कापसाची प्रत ठरवणं हे त्यांचं काम. गाडीतून मूठभर कापूस उपसायचा, सरकी काढून टाकायची, दोन अंगठ्यांमध्ये रुई ओढत ओढत धागा किती लांब निघतो ते पाहायचं. ही सवय त्यांच्या बोटांत इतकी मुरली होती की दुसऱ्याच्या घरी बसले तरी बोटं गादीचं उसवलेलं टोक शोधत. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा गप्पा मारता मारता त्यांनी लोडातून चिमूटभर कापूस ओढला, उजेडाकडे धरला आणि माझ्या बायकोला म्हणाले, "वहिनी, तुम्हाले फसवलं. हा आखूड धाग्याचा आहे." तो लोड तिच्या माहेरचा होता.

आम्ही शेजारी. एकाच घरमालकाच्या चार खोल्या, दोन आमच्या, दोन त्यांच्या. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवायचो, म्हणून ते मला मास्तर म्हणत. त्यांच्या खोल्यांत दुसरं कोणी नव्हतं. आई सेलूला राहायची, तिथली चार एकर शेती आणि म्हैस सोडून यायला तयार नव्हती. लग्न जमलं नव्हतं, म्हणजे एकदा जमत आलं होतं. आर्वीच्या एका घरी मुलगी पाहायला गेले, पोहे खाल्ले, आणि निघताना बशीखाली चार आणे ठेवून आले. मुलीच्या बापानं ते चार आणे मनीऑर्डरनं परत पाठवले आणि बोलणी तिथंच संपली. "त्याईनं मनीऑर्डरचा खर्च कायले केला, हे मले अजून समजलं नाई," एवढंच मधुकरराव त्यावर म्हणत.

माझी बायको त्यांच्यापुढे हरली होती. एकटा माणूस म्हणून ती कधी वाटीभर भाजी पाठवायची. ती वाटी जेवणाआधीच परत यायची, आणि कधीही रिकामी नाही. दोन लिंबं, मूठभर शेंगा, काही नसलं तर चार लवंगा. एकदा तिनं मुद्दाम पुरणपोळ्या पाठवल्या, आता काय देतात पाहू म्हणून. तासाभरानं मधुकरराव दारात उभे, हातात एक नवीकोरी केरसुणी. "या माणसाले काही द्यायची सोयच नाई," ती म्हणाली आणि केरसुणी आत ठेवून दिली.

आपला भाग मुंबई राज्यात गेला त्या सुमाराची गोष्ट. सरकारनं ठरवलं की कापूस पारखणारी काही माणसं अमेरिकेत पाठवून तिकडची रीत शिकवून आणायची. त्यात मधुकररावांचं नाव लागलं. दीड वर्ष न्यूयॉर्कला. बातमी कळल्यावर चहावाल्यानं विचारलं, "तिकडं बी कापूस पिकते?" मधुकरराव म्हणाले, "पिकते. पण मी पाह्यले जाऊन राह्यलो, घ्याले नाई."

निरोपाला स्टेशनावर बरीच मंडळी जमली. अडत्यांनी हार घातले. ज्यानं ज्यानं हार घातला त्याच्या हातावर मधुकररावांनी कागदाच्या पुड्यातून एकेक पेढा ठेवला, सगळे हिशेब फलाटावरच मिटवले, आणि डब्यात चढले. आई आली होती. तिला त्यांनी काही दिलं नाही, नुसता वाकून नमस्कार केला. ती म्हणाली, "सांभाळून राह्यजो. पत्र लिहीजो."

पत्रं येऊ लागली. निळ्या हवाई कागदावर बारीक अक्षर. आईचं वेगळं यायचं, माझं वेगळं. माझ्या पत्रांत मजकूर ठरलेला असे. अमेरिकन कापसाचा धागा, थंडी, गॅसवर भात कसा लवकर होतो, मीठ कुठं मिळतं. स्वतःबद्दल एक अक्षर नाही. मग हिवाळ्यात एक पत्र आलं ते मी दोनदा वाचलं, आणि मग बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं.

"इथे एक पुठ्ठ्याचे कार्ड मिळते," त्यांनी लिहिलं होतं. "त्यावर आपले नाव छापलेले असते. मोठ्या हॉटेलात जेवून ते कार्ड दाखवले की हॉटेलवाला पैसे मागत नाही, फक्त सही घेतो. महिनाअखेर सर्व जेवणांचे बिल एकदम घरी येते. मला हे कार्ड हवे आहे. मी अर्ज केला होता. तो नामंजूर झाला."

"म्हणजे उधारीचं कार्ड?" बायकोनं विचारलं.

"तसंच दिसतं."

"मधुकरभाऊजींले?"

मी पत्र पुढे वाचलं. अर्जात एक प्रश्न होता, की याआधी आपण कुठे कुठे उधार घेतले आहे. मधुकररावांनी तिथे मोठ्या अक्षरांत लिहिलं, कुठेही नाही, कधीही नाही. त्याच कारणानं अर्ज परत आला. मग ते स्वतः त्या कचेरीत गेले. टेबलामागे एक बाई होत्या. त्यांनी नीट समजावून सांगितलं, की तुम्ही उधार फेडता की नाही हे सांगणारं कोणी नाही. मधुकरराव म्हणाले, फेडायची वेळच मी कधी येऊ दिली नाही. बाई म्हणाल्या, तीच तर अडचण आहे. शिवाय तुम्ही परदेशचे, वर्षभरात निघून जाल. निदान तुमच्या गावच्या एखाद्या दुकानदाराचा दाखला आणा.

पत्राच्या शेवटी होतं, "मास्तर, या देशात ज्याने कधी उधार घेतले नाही त्याच्यावर कोणाचा भरवसा नाही. तरी झुंबरलालजींना भेटून त्यांचा दाखला पाठवावा, की पिंपळखुटे आमच्याकडून उधार नेतात व वेळेवर फेडतात. इंग्रजी आपणच करावे."

झुंबरलालजी आमचे किराणेवाले. गल्लीच्या तोंडाशी दुकान, गादीवर मांडी घालून बसलेले, समोर तराजू. दुकान त्यांच्या आजोबांनी मारवाडातून येऊन टाकलेलं. मी पत्र वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढला.

"मास्तरजी, झूट कैसे लिखूं? त्या माणसानं आपल्याकडून काडीपेटी बी उधार नेली नाई. एकदा सुटे नव्हते, मी म्हटलं राहू द्या, कल दे देना. तर गूळ इथंच ठेवून घरी गेले, पैसे घेऊन आले, मग गूळ नेला. रस्त्यात पानी बरसत होतं."

"त्यांना गरज आहे, झुंबरलालजी."

"गरज आहे तर उधार घ्या म्हना. घेतली, फेडली, की लिहून देतो. दुकानाचा शिक्का मारून देतो. पण झालं नाई ते नाई लिहिणार."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मग आम्ही दोघांनी बसून मार्ग काढला. पिंपळखुटेंच्या नावावर महिन्याचा किराणा उधार लिहायचा, तो सेलूला त्यांच्या आईकडे धाडायचा. महिना भरला की मी पैसे भरीन, मधुकरराव मला पाठवतील. तूरडाळ, साखर, गोडेतेलाचा डबा, थोडी सुपारी. झुंबरलालजींनी स्वतः निवडून बांधलं आणि दुपारच्या मोटारीनं माणूस सेलूला रवाना केला.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत दुसरा तास घेत होतो. शिपाई आला, दुकानावर तातडीनं बोलावलंय म्हणाला. जाऊन पाहतो तर झुंबरलालजींच्या गादीसमोर मधुकररावांची आई उभी. बाजूला तेलाचा डबा आणि सगळं बांधलेलं सामान, जसंच्या तसं. पहिली मोटार पकडून आली होती. पदराची गाठ सोडून पैसे काढत होती, आणि झुंबरलालजी दोन्ही हात मागे घेऊन म्हणत होते, "माताजी, आज नाई, महिना होऊ द्या."

मला पाहून ती वळली. "मास्तर, खरं सांगा. माहं पोरगं बिमार आहे का? नोकरी गेली का त्याची?"

"तसं काही नाही. ते ठीक आहेत."

"मंग त्यानं उधारी काऊन केली? तुमचा माणूस सांगून राह्यला, मधुकरच्या नावावर उधार आहे म्हणून. त्याच्या बापानं कधी केली नाई, मी कधी केली नाई. मी रातभर झोपली नाई."

मी तिला दुकानाच्या पायरीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. कार्ड, हॉटेल, अर्ज, त्या बाई. ती लक्ष देऊन ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हंजे उधारी भेटावी म्हणून उधारी केली."

"होय."

"हे शिकाले सरकारनं धाडलं त्याले?"

झुंबरलालजी खाली मान घालून तराजूच्या दोऱ्या सारख्या करू लागले. मला हसू आवरेना, पण तिच्या तोंडाकडे पाहून आवरलं.

"तो हाटेलात कायले जाते?" तिनं विचारलं. "त्याले तर घरचंच लागते."

"ते त्यांनी लिहिलं नाही."

"नाई लिहिणार. तो काही सांगत नाई. पायात काटा मोडला तरी सांगत नव्हता, लंगडला की समजायचं." मग ती उठली, पैसे गादीवर ठेवले. "हे घ्या. मले देणं घरात ठेवून झोप लागत नाई. अन् काय कागद पाहिजे तो त्याले धाडा. त्यानं आजवर कधी काही मागतलं नाई. आता मागून राह्यला तर भेटू द्या."

पैसे घ्यावे लागले. सामानही ती परत घेऊन गेली, कारण आता ते तिचं होतं. आमचा महिन्याचा बेत एका दिवसात आटोपला. मी हताश होऊन म्हणालो, आता दाखल्यात काय लिहायचं? पण झुंबरलालजी खूष होते. "जो झालं ते लिहा. उधार नेली. मुदत महिन्याची होती. दुसऱ्या दिवशी आई स्वतः येऊन फेडून गेली. याच्यापेक्षा चांगला गिऱ्हाईक कोनाकडे असन?"

तसंच लिहिलं. मी इंग्रजी केलं, त्यांनी खाली आपल्या मारवाडी वळणाच्या लिपीत सही ठोकली, शिक्का मारला, तो पुसट उठला म्हणून पुन्हा मारला. त्यानंतर कित्येक दिवस ते प्रत्येक गिऱ्हाइकाला साखर जोखता जोखता सांगत, "अमेरिकावाले अपने से पूछते हैं, कौन कैसा आदमी है."

दाखला तिकडे पोचला. त्या बाईंनी तो वाचला, हसून वरच्या साहेबांकडे नेला, असं मधुकररावांनी कळवलं. मधुकरराव ज्यांच्या हाताखाली शिकत होते त्या गोऱ्या साहेबांनीही शिफारस केली. उन्हाळ्याच्या सुरुवातीला पत्र आलं. पहिल्या ओळीत मिसिसिपीकडच्या कापसाची हकीगत होती, तिसऱ्या परिच्छेदात एक ओळ, "कार्ड मिळाले. आपला व झुंबरलालजींचा आभारी आहे." सोबत, दाखल्याच्या टपालखर्चाची मनीऑर्डर करण्याची सोय तिथे नसल्याबद्दल दिलगिरी.

ते परत आले तेव्हा बाजारात सगळ्यांना एकच पाहायचं होतं. "दाखवा ना ते कार्ड." मधुकरराव म्हणाले, निघायच्या आधी हिशेब चुकता करून परत देऊन आलो. कोणाचा विश्वास बसेना. अडत्यांनी नावही बदललं, नगदी पिंपळखुटेंचे उधार पिंपळखुटे झाले. चहावाला म्हणाला, आता तरी महिन्याचं खातं लावा. त्यावर त्यांचा आणा फळीवर वाजला. आईसाठी त्यांनी एक गरम शाल आणली होती. माझ्या बायकोसाठी सुया आणल्या होत्या, वेगवेगळ्या जाडीच्या, एका कागदात टोचलेल्या. ती म्हणाली, ही कशाची परतफेड? तर ते म्हणाले, "कशाचीच नाई. अशाच आणल्या." ती त्या सुया कितीतरी दिवस शेजारपाजारच्यांना दाखवत होती.

ज्या माणसाला चहाची उधारी सोसत नाही त्यानं हॉटेलच्या उधारीसाठी अर्धी पृथ्वी का हलवावी, हे मला मात्र सुटत नव्हतं. आम्ही रोज संध्याकाळी स्टेशनापर्यंत फिरायला जायचो. एके दिवशी मी विचारलंच.

मधुकरराव चालता चालता रस्त्यावरच बोलू लागले, धाग्याची लांबी सांगावी तितक्याच सरळ आवाजात.

"मास्तर, तिथं माहं नाव कोणी घेत नव्हतं. कचेरीत सगळे चांगले होते, पण नाव त्याईच्या तोंडात बसत नव्हतं, मंग त्याईनं सोडूनच देलं. हात वर करायचे, हसायचे. घरमालकीण माह्या खोलीच्या नंबरानं हाका मारे. दुकानात तर सवालच नाई, पैसे ठेवले, सामान उचललं. महिने गेले असे. सकाळी संध्या करतो ना मी, त्यात आपलं गोत्र अन् नाव म्हणा लागते. तेवढंच माह्या कानावर पडे. ते बी माह्याच तोंडून. पुढं पुढं तर मी ते दोनदा म्हणून राह्यलो होतो."

समोरून बैलगाडी आली, ते कडेला झाले आणि पुढे बोलू लागले.

"मंग एकदा साहेब हाटेलात घेऊन गेले. त्याईनं कार्ड देलं. तो वाढपी, चांगला वयस्कर माणूस, त्यानं ते हातात घेतलं, वाचलं, अन् मंग साहेबाच्या नावानं बोलला. बसा अमुक साहेब, आणखी काय आणू अमुक साहेब, पुन्हा या अमुक साहेब. मी पाह्यलं, नगदी देणाऱ्याले तो नुसतं थँक्यू म्हणते. नगदी देणाऱ्याले नाव नसते, मास्तर. हे मले तोपर्यंत माहीत नव्हतं."

"मग तुम्ही जायचात तिथं?"

"महिन्यातून एकदा. माह्याजोगतं काही नसे. उकडलेले बटाटे, मटार, पाव, कॉफी. तो वाढपी यायचा, कार्ड डोळ्याजवळ धरायचा, थांबायचा, अन् म्हणायचा, मिस्टर पिंपलकूटी." ते जरासे हसले. "बोलायचा चूक. पण थांबून, वाचून बोलायचा. मी कॉफी दोनदा मागवायचो."

तोवर स्टेशन आलं होतं. एरवी आम्ही फाटकापासूनच परत फिरायचो. त्या दिवशी मधुकरराव म्हणाले, "तुम्ही थांबा, मी येतोच," आणि पार्सलच्या खिडकीकडे गेले. मीही मागोमाग गेलो.

खिडकीत एक काळासावळा तरुण बाबू बसला होता, नुकताच बदलून आलेला, दक्षिणेकडचा. त्याला मराठी येत नव्हतं, हिंदी अडखळत यायचं. हमाल त्याला मद्रासी बाबू म्हणत, स्टेशनमास्तरही तेच म्हणत. त्याला दुसरं नाव असेल हे शहरात कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मधुकररावांनी टोपी काढून हातात घेतली.

"गुड इव्हनिंग, मिस्टर अनंतपद्मनाभन," ते म्हणाले. सबंध नाव, एकही अक्षर न गिळता.

बाबूनं मान वर केली. कागद बाजूला सारून तो उभा राहिला.

"गुड इव्हनिंग, मिस्टर पिंपळखुटे."

त्याचा ळ अगदी स्वच्छ होता. त्यांच्या भाषेत तो असतोच. मग दोघं इंग्रजीत थोडं बोलले. गावाहून पत्र आलं का, तांदूळ बरा मिळाला का, उकाडा सोसतो का. पार्सलचं काम काहीच नव्हतं. मागं एक माणूस संत्र्यांची करंडी घेऊन ताटकळत उभा होता, तो पुढं सरकला तेव्हा मधुकररावांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि आम्ही परत निघालो. फाटकापाशी ते म्हणाले, "मले ते नाव बसवाले दोन दिवस लागले, मास्तर. तुम्ही बी उद्या म्हणून पाह्यजा."